आधी पाणी, मग मासे

पाचगणीसारख्या थंड हवेच्या ठिकाणी धंदा करणारा माणूस मोसमावर जगतो. दिवाळीची सुट्टी, नाताळचा आठवडा आणि एप्रिल-मेचे दोन महिने, एवढ्यातच वर्षाची कमाई पदरात पाडून घ्यायची असते. त्यामुळे येथे प्रत्येक कामाला घाई असते. रंगाऱ्याला, सुताराला, वायरमनला, सर्वांना एकच वाक्य ऐकावे लागते, "मोसमाच्या आत झाले पाहिजे." बहुतेक कामे जास्त माणसे लावून, रात्रपाळी करून वेळेत पुरी होतातही. परंतु एक काम असे आहे की ते दहा माणसे लावली तरी लवकर होत नाही. ते म्हणजे खाऱ्या पाण्याच्या मत्स्यालयाची नवी टाकी तयार करणे.

गोड्या पाण्यातील गोल्डफिश आणि गप्पीच्या टाक्या आपल्याकडे जुन्या आहेत. खाऱ्या पाण्यातील मासे मात्र फार वर्षे लोकांनी मुंबईलाच पाहिले. 1951 साली मरीन ड्राइव्हवर तारापोरवाला मत्स्यालय सुरू झाले आणि पाचगणी-महाबळेश्वरच्या शाळांच्या सहलीही कधीमधी तेथे जाऊन आल्या. पुढे 2003 साली 'फाइंडिंग निमो' हा चित्रपट आला आणि त्यातला नारिंगी-पांढरा क्लाउनफिश लहान मुलांच्या तोंडी बसला. आता हॉटेलचा दिवाणखाना, डॉक्टरांची प्रतीक्षा-खोली, एखादा मोठा बंगला अशा ठिकाणांहून "समुद्राची टाकी करून द्याल का?" अशी विचारणा अधूनमधून होते. काचवाला, सुतार, इलेक्ट्रिशियन आणि मासेविक्रेता अशा चौघांना त्यात काम आहे, आणि एका टाकीची किंमतही बरी येते. म्हणूनच या धंद्यात शिरणाऱ्या आपल्या बांधवांसमोर एक मत स्पष्टपणे मांडावेसे वाटते. नव्या टाकीत पहिले सहा आठवडे एकही मासा विकू नये आणि त्या सहा आठवड्यांचे पैसे उघडपणे बिलात लावावेत.

एक चूक, जी माझ्याच हातून झाली

हे मत पुस्तकातून आलेले नाही. मी काच कापून सिलिकॉनने टाक्या जोडणारा कारागीर आहे. काही वर्षांपूर्वी पाचगणीतील एका हॉटेलात दिवाळीच्या आधी 4 फूट लांब, दीड फूट रुंद आणि दीड फूट उंच अशी टाकी बसविण्याचे काम मिळाले. गुरुवारी मीठ विरघळवून पाणी भरले, शनिवारी मासे आणून सोडले. पाणी काचेसारखे स्वच्छ होते. मालक खूष, पाहुणे खूष. सोमवारी मासे वर येऊन धापा टाकू लागले. बुधवारी दोन गेले आणि शुक्रवारपर्यंत टाकी रिकामी झाली. मी पाणी तपासले नव्हते, कारण तपासायचे असते हेच मला ठाऊक नव्हते. मालकाने ठरलेले पैसे दिले, एक शब्दही वाकडा बोलला नाही. परंतु त्यानंतर त्याने मला कधी बोलावले नाही. आपण माल विकला, पण तो वापरण्यालायक नव्हता, ही टोचणी आजही आहे.

पाण्यात नेमके काय घडते

मासा जे खातो त्याचा मोठा भाग अमोनियाच्या रूपाने पाण्यात येतो. उरलेले अन्न आणि विष्ठा कुजूनही अमोनियाच तयार होतो. समुद्रात पाणी अफाट असल्याने तो विरून जातो. टाकीत तो साचतो आणि माशांचे कल्ले जाळतो. गोड्या पाण्यात याची झळ थोडी उशिरा लागते, कारण पाण्याचा पीएच 7 च्या आसपास असला तर अमोनियाचा बहुतांश भाग कमी घातक स्वरूपात राहतो. समुद्राच्या पाण्याचा पीएच 8.1 ते 8.4 असतो. या पीएचला अमोनियाचा विषारी भाग दहापटीहून अधिक होतो. म्हणजे गोड्या पाण्याच्या टाकीत खपून गेलेली घाई खाऱ्या पाण्यात खपत नाही.

यावर निसर्गाचाच इलाज आहे. काही जिवाणू अमोनिया खाऊन त्याचे नायट्राइट करतात आणि दुसऱ्या जातीचे जिवाणू नायट्राइटचे नायट्रेट करतात. नायट्रेट त्या मानाने सौम्य असतो व दर आठवड्याला थोडे पाणी बदलून तो काबूत ठेवता येतो. हे काम करणारे जिवाणू विनोग्राडस्की या रशियन शास्त्रज्ञाने 1890 च्या सुमारास मातीतून वेगळे करून दाखविले. शेताच्या मातीत जे चालते तेच टाकीतल्या दगडावर आणि वाळूवर चालते. फक्त हे जिवाणू फार सावकाश वाढतात. दुधाला विरजण लावले की सकाळी दही होते, कारण दह्याचे जंतू तासाभरात दुप्पट होऊ शकतात. या जिवाणूंना दुप्पट व्हायला बराच काळ, कित्येकदा दिवसभरही लागतो. म्हणून टाकी तयार व्हायला साधारण चार ते सहा आठवडे जातात. यालाच या धंद्यात 'टाकी सायकल करणे' म्हणतात.

गवंडीकाम करणाऱ्यांना हे लगेच पटेल. स्लॅब दुसऱ्या दिवशी दिसायला घट्ट दिसतो, पण म्हणून कोणी सेंटरिंग काढत नाही. पाणी मारत दिवस मोजावेच लागतात. नव्या टाकीतले पाणीही पहिल्या दिवशीच स्वच्छ दिसते. स्वच्छ दिसणे आणि तयार असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

कल्हईवाल्याचा नवसागर

टाकी सायकल करण्यासाठी जिवाणूंना अमोनियाचे खाद्य द्यावे लागते. पूर्वी यासाठी एक-दोन स्वस्त मासे सोडून देत. ते जगले तर ठीक, मेले तर नवे आणत. ही पद्धत सोडून द्यावी. मुका जीव तपासणीचे साधन म्हणून वापरणे योग्य नाही, आणि ते धंद्याच्या दृष्टीनेही शहाणपणाचे नाही, कारण गिऱ्हाइकाच्या डोळ्यांदेखत मासा मरतो.

सोपा मार्ग आपल्या कारागिरांच्या ओळखीचा आहे. कल्हई करणारा माणूस तापलेल्या भांड्यावर नवसागर टाकतो आणि पांढरा धूर उठतो. हा नवसागर म्हणजेच अमोनियम क्लोराइड. बाजारातला कल्हईचा नवसागर अशुद्ध असू शकतो, म्हणून टाकीसाठी रसायनांच्या दुकानातून शुद्ध अमोनियम क्लोराइड घ्यावे. वर सांगितलेल्या मापाची टाकी 9 घनफुटांची, म्हणजे सुमारे 255 लिटरची होते. वरची मोकळी जागा आणि आतले दगड वजा जाता 220 लिटर पाणी धरावे. एवढ्या पाण्यात अमोनियाचे प्रमाण लिटरला 2 मिलिग्रॅम करण्यासाठी 1.4 ग्रॅम अमोनियम क्लोराइड पुरते. म्हणजे खर्च नगण्य आहे, लागतो तो फक्त वेळ.

नंतर दर दोन-तीन दिवसांनी टेस्ट किटने पाणी तपासून वहीत लिहावे. आधी अमोनिया दिसेल. मग तो उतरू लागेल आणि नायट्राइट चढेल. नंतर नायट्राइटही उतरेल आणि नायट्रेट दिसू लागेल. शेवटी परीक्षा घ्यावी. पुन्हा 2 मिलिग्रॅमची मात्रा द्यावी आणि 24 तासांनी तपासावे. अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्य आले, तरच टाकी तयार समजावी. मग मोठा पाणीबदल करून नायट्रेट उतरवावा आणि एक किंवा दोनच मासे सोडावेत. पुढचे मासे दोन-दोन आठवड्यांच्या अंतराने सोडावेत, कारण जिवाणूंची संख्या खाद्याइतकीच वाढते. मधल्या काळात दगडावर तपकिरी थर येतो, मग हिरवे शेवाळ येते. गिऱ्हाईक घाबरून फोन करते. तो या प्रवासातला नेहमीचा टप्पा आहे, हे त्याला आधीच सांगून ठेवावे. दिवे या काळात बंद ठेवले तर शेवाळ कमी येते.

पाचगणीचा वेगळा हिशेब

मुंबईच्या दुकानदाराने सांगितलेले सर्व काही पाचगणीला जसेच्या तसे लागू होत नाही. पाचगणी समुद्रसपाटीपासून सुमारे 1,300 मीटर उंच आहे. येथे हवेचा दाब मुंबईपेक्षा सुमारे 14 टक्के कमी असतो आणि पाण्यात विरघळणारा प्राणवायूही त्याच प्रमाणात कमी होतो. त्यात खारे पाणी मुळातच गोड्या पाण्यापेक्षा सुमारे एक पंचमांश कमी प्राणवायू धरते. माशांना आणि जिवाणूंनाही प्राणवायू लागतो. म्हणून येथे पाण्याचा पृष्ठभाग जोरात हलता ठेवणारा पंप हवा, आणि मुंबईत जेवढे मासे ठेवतात त्यापेक्षा कमी ठेवावेत.

दुसरी गोष्ट तापमानाची. अशा टाकीला 24 ते 27 अंश सेल्सिअस लागतात. मुंबईत पाणी थंड करण्याचे यंत्र घ्यावे लागते. पाचगणीत हिवाळ्यात रात्री पारा 10-12 अंशांच्या आसपास उतरतो, तेव्हा हीटर लागतो. पाणी थंड पडले की जिवाणूंचे काम मंदावते आणि सहा आठवड्यांचे आठ-दहा आठवडे होतात. 300 वॅटचा एकच हीटर लावण्यापेक्षा 150 वॅटचे दोन लावावेत. एखादा चालूच राहिला तरी टाकी उकडत नाही, एखादा बंद पडला तरी ती गोठत नाही. पावसाळ्यात वीज जाते, म्हणून पंपासाठी इन्व्हर्टर किंवा बॅटरीवरचा एअरपंप ठेवावा.

तिसरी गोष्ट पाण्याची आणि मिठाची. स्वयंपाकाचे मीठ म्हणजे जवळजवळ केवळ सोडियम क्लोराइड. समुद्रात त्याखेरीज मॅग्नेशियम, कॅल्शियम, पोटॅशियम आणि इतर क्षार असतात. म्हणून मत्स्यालयासाठी बनविलेले मीठच वापरावे. एका लिटरला सुमारे 35 ग्रॅम या हिशेबाने 220 लिटरला पावणेआठ किलोच्या आसपास मीठ लागते. विशिष्ट गुरुत्व 1.025 आले की पुरे. घाट उतरून कोकणातून समुद्राचे पाणी टेम्पोने आणण्याचा विचार अनेकांच्या मनात येतो. परंतु किनाऱ्याजवळच्या पाण्यात नद्यांचे पाणी मिसळलेले असते, पावसाळ्यात तर फारच. शिवाय त्यातले सूक्ष्म जीव प्रवासात मरून कुजतात. नळाचे पाणी वापरायचे तर त्यातील क्लोरीन काढलेच पाहिजे, नाहीतर जे जिवाणू आपण वाढवतो आहोत तेच मरतात. आरओचे पाणी सर्वांत चांगले. पाणी तांब्या-पितळेच्या भांड्यात साठवू नये. तांब्याचा अंश कोळंबी, खेकडे आणि प्रवाळ यांना मारक असतो.

टाकीतून वाफ होते ती पाण्याची, मिठाची नव्हे. म्हणून रोजची घट गोड्या पाण्याने भरावी. आणि दर आठवड्याला बदललेले वीस-बावीस लिटर खारे पाणी बागेत किंवा शेतात टाकू नये. स्ट्रॉबेरीला जमिनीतला खार अजिबात सोसत नाही.

दगडाचा प्रश्न आणि कायदा

1961 साली इंडोनेशियातील ली चिन एंग यांनी दाखवून दिले की समुद्रातून काढलेला जिवंत खडक, म्हणजे प्रवाळाचा जिवाणूंनी भरलेला दगड, टाकीत ठेवला तर पाणी लवकर तयार होते. परदेशात पुढे ही पद्धत रूढ झाली. आपल्याकडे मात्र ती चालणार नाही, आणि हे प्रत्येक व्यापाऱ्याने पक्के लक्षात ठेवले पाहिजे. 2001 साली भारत सरकारने दगडी प्रवाळ, काळे प्रवाळ, समुद्रपंखे आणि समुद्रघोडे हे वन्यजीव संरक्षण कायदा 1972 च्या पहिल्या अनुसूचीत घातले. म्हणजे कायद्याच्या दृष्टीने प्रवाळाचा तुकडा वाघाच्या रांगेत बसतो. अशा गुन्ह्याला किमान 3 आणि कमाल 7 वर्षांची कैद आहे. "समोरच्याने दिला, मी विकला" हा बचाव चालत नाही. परदेशी माल असल्याचे सांगून कोणी विकत असेल, तर आयातीचे परवाने व कागद पाहिल्याशिवाय त्याला हात लावू नये.

पण याच अडचणीत कारागिराला काम आहे. पांढरे सिमेंट, शिंपल्यांचा चुरा आणि जाडे मीठ मिसळून सच्छिद्र दगड घडविता येतो. मीठ विरघळून गेले की त्यात भोके राहतात आणि जिवाणूंना तेथेच घर मिळते. असा दगड सहा ते आठ आठवडे गोड्या पाण्यात, पाणी बदलत, भिजवावा लागतो. नाहीतर सिमेंटचा चुना पीएच चढवितो. भाजलेल्या, झिलई न दिलेल्या मातीचेही आकार करता येतात. मासेही समुद्रातून ओरबाडलेलेच हवेत असे नाही. कोचीनच्या केंद्रीय सागरी मत्स्यिकी संशोधन संस्थेने क्लाउनफिशची पैदास हॅचरीत करण्याचे तंत्र बसविले आहे. हॅचरीत वाढलेला मासा टाकीतले अन्न सवयीने खातो आणि जास्त टिकतो.

"गिऱ्हाईक थांबत नाही"

यावर व्यापारी बंधू म्हणतील, "आम्ही थांबायला सांगितले तर गिऱ्हाईक शेजारच्या दुकानात जाईल." हे खरे आहे. काही गिऱ्हाइके जातीलच. परंतु जे गिऱ्हाईक पहिल्या आठवड्यात मासे नेते, ते दुसऱ्या आठवड्यात तक्रार घेऊन येते, तिसऱ्या आठवड्यात पुन्हा मासे नेते आणि दुसऱ्या महिन्यात टाकी अडगळीत टाकते. आपल्याला चार मासे विकल्याचे समाधान मिळते आणि पाच वर्षांचे मीठ, खाद्य, दुरुस्ती व देखभालीचे काम हातचे जाते.

दुसरा आक्षेप असा की आता बाटलीत जिवाणू मिळतात, मग थांबायचे कशाला? बाटली खोटी नाही. चांगली बाटली, थंड ठेवलेली आणि मुदतीतली असेल तर बरेच दिवस वाचतात. पण मुंबईहून पाचगणीपर्यंत सुमारे अडीचशे किलोमीटर उन्हात आलेल्या बाटलीत किती जीव उरला आहे, हे लेबलवरून कळत नाही. म्हणून बाटली वापरावी, परंतु निर्णय टेस्ट किटचा मानावा.

तिसरी अडचण भांडवलाची आहे आणि ती खरी आहे. सहा आठवडे पैसे अडकवून ठेवणे लहान कारागिराला परवडत नाही. त्याचे उत्तर बिलात आहे. बिलाचे तीन भाग करावेत. टाकी, लाकडी स्टँड आणि यंत्रे यांचे पैसे बसविण्याच्या दिवशी. सहा आठवड्यांची तपासणी व येण्या-जाण्याची मजुरी दुसरा भाग, ती दर दोन आठवड्यांनी. माशांचे पैसे शेवटी, परीक्षेचा निकाल वहीत लिहून गिऱ्हाइकाला दाखविल्यानंतर. ज्या दिवसांत आपण गिऱ्हाइकाचे पाणी राखतो, ते दिवस म्हणजे आपली मजुरी आहे. तिची लाज वाटण्याचे कारण नाही. मात्र ती आधी सांगितली पाहिजे, मागाहून नव्हे. अशी भरलेली टाकी स्टँडसह सव्वातीनशे किलोच्या आसपास जाते, तेव्हा ती तळमजल्यावर बसवावी, जुन्या लाकडी माडीवर नव्हे, हेही बिलाच्या मागे लिहून द्यावे.

तारखांचाही हिशेब सोपा आहे. 1 मे रोजी मासे दिसायला हवे असतील तर मार्चच्या मध्यापर्यंत पाणी भरलेले पाहिजे. दिवाळीसाठी किमान दोन महिने आधी. पाचगणीच्या हॉटेलमालकाला मोसमाची तारीख कोणी सांगावी लागत नाही. फक्त ही तारीख त्याच्या मोसमाच्या किती आधी येते, हे आपण सांगायचे आहे. जो मालक त्यानंतर येईल, त्याला पुढच्या मोसमाचा वायदा द्यावा.

मालातील दोष गिऱ्हाइकापासून लपवून विकू नये, ही आपल्या बाजारपेठेची जुनी शिकवण आहे. कापडातला डाग, धान्यातली ओल ही डोळ्यांना तरी दिसते. नव्या टाकीतला अमोनिया दिसत नाही, त्याला वासही जाणवत नाही. विकणाऱ्याला तो माहीत असतो, घेणाऱ्याला नसतो. म्हणून येथे सांगण्याची जबाबदारी पूर्णपणे विकणाऱ्यावर येते.

त्या हॉटेलावरून मी अजूनही कधी कधी जातो. टाकी ठेवली होती तेथे आता वर्तमानपत्रांचे टेबल आहे. सहा आठवडे थांबा, एवढे म्हणण्याचे धैर्य मी दाखविले असते, तर त्या टाकीचे पाणी आजही मीच बदलत असतो.